खिसा

शुक्रवारी माझ्या गुत्त्यात
खिसे रिकामे होतात टेबलावर.
सार्डिनियाची जुनी रीत: आधी चाकू, मग गप्पा.

बाकिझिओची मूठ मेंढ्याच्या शिंगाची,
मेंढा कुठला, तेही सांगतो, नावानिशी.
त्सुआनेचं पातं घासून घासून
गवताच्या पात्याएवढं उरलंय.
नवं बसव म्हटलं तर म्हणतो,
"माझ्याच भाकरीवर झिजलंय ना ते?"

बोनारिया आज पहिल्यांदाच आली.
नवऱ्याचा चाकू मिटलेलाच ठेवला मधोमध.
कुणी हात लावेना.
शेवटी तिनंच नखानं उघडला.
खाचेत चीजचा वाळका कण,
दोन वर्षांमागच्या कुठल्याशा दुपारचा.

तो तसाच ठेवून
तिनं पेअर मागितलं,
सोललं, साल तुटू न देता.

निघताना चाकू पर्समध्ये नाही टाकला.
झग्याला खिसा
शिवूनच आली होती.