कोऱ्या तबकड्या

आयर्विन पुलाखाली पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं
त्या रात्री मी मोटारी माळ्यावर चढवल्या.
गिऱ्हाइकांच्या होत्या.
मग तांब्याची तार, वार्निशचे डबे, उधारीची वही.
तबकड्या राहिल्या खालच्या फळीवर.

नवव्या दिवशी शटर उचकटलं.
गाळ गुडघाभर, त्यात पेठेतली हळद भिजलेली.
वास असा, की लग्नघरात कुणी बुडून मेलंय.

रिठ्याच्या पाण्यानं एकेक न्हाऊ घातली.
शैलानं ताटाळं रिकामं करून दिलं,
ताटांच्या जागी तबकड्या उभ्या निथळत,
आणि आम्ही दोन दिवस
भाकरी हातावर घेऊन जेवलो.

आवाज राहिला. नावं गेली.
मधोमध नुसता फिकट गोल,
कोण वाजवतंय, कुठलं शहर, कुठलं साल,
सगळं कृष्णेनं नेलं.

तशीही मला नावं कुठं वाचता यायची?
इंग्रजी माझं वायरिंगच्या आकृतीपुरतं.
मिरजेला जंक्शनमागं बाबालाल शिकलगाराच्या भंगारात
किलोवर तोलून घेतलेल्या या.
जाझ, पॉप, सगळ्याला एकच भाव.
लोखंडी तव्याला जास्त.
पण तो जाडा बेस खाली कसा चालतो ते मला कळतं:
नीट भरलेली मोटार लोड घेते, तसा.
घुमतो, तापत नाही.
आणि वर तो पत्र्याचा वारा, सॅक्सोफोन,
कधी समेवर येईल याचा भरवसा नाही,
येतो मात्र. उशिरा आलेल्या पाव्हण्यासारखा,
हसत.

त्यातली एक दुसऱ्या गाण्यात ठेच खाते.
सूर वर चढत असतो, एक पायरी गाळतो,
पुढच्या पायरीवर उभा.
बाबालालला ऐकवली फोनवरून.
म्हणाला, ती व्हय, ती नर्सांच्या क्वार्टरातली.
एस्तेरबाई सातपुते. हाय अजून.

वडापमधून प्लेअर मांडीवर घेऊन गेलो.
चौऱ्याऐंशीची बाई, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट.
म्हणाली, कान गेले रे माझे.
मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते.
मी परत निघालो, तर म्हणाली,
आणलंयस तर लाव की.

पेटीवर तळहात ठेवून बसली,
पोटातलं बाळ चाचपावं तसा.
पहिलं गाणं गेलं. डोळे मिटलेले.
मला वाटलं, झोपली.

दुसऱ्यात
ठेचेच्या अगोदर, अगदी जराशी अगोदर,
तिनं दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.
'इथं.'
आणि सुई उडाली.

'याकोब नाचताना टेबलाला धडकला, इथं.
रात्रपाळी होती. खाली घंटा वाजली,
ट्रक उलटला होता तासगावच्या रस्त्याला.
सुई तशीच सोडून पळालो आम्ही.'

मग?

'मग काय. केस वाचली.'

याकोबबद्दल मी विचारलं नाही.
तिनं हात पेटीवरून काढला नाही,
तबकडी संपून सुई आतल्या कड्यात
खरखर फिरत होती तरीही.

निघताना विचारलं, बाई, या गाण्याचं नाव?
'नाव? असेल की काहीतरी.
आम्ही याकोबचं म्हणायचो.'

दुकानात आल्यावर ज्या मार्करनं
मोटारीवर गिऱ्हाइकाचं गाव आणि एचपी लिहितो
त्यानंच त्या फिकट गोलावर लिहिलं: याकोबचं.
अक्षर तिरकं आलं. शाई जरा पसरली.

बाकी एकोणचाळीस अजून कोऱ्या.
कुणी कुठं धडकलं, कुणाला ठाऊक.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून एकेक लावतो,
समोरचा वडेवाला ओरडतो, हे काय कोंबडं कापल्यागत,
आणि तेल तापेपर्यंत ऐकत उभा राहतो.

सुईच्या दांड्यावर रुपयाचं नाणं ठेवलं
की ठेच ओलांडून जाते ती.
मला ठाऊक आहे.
गल्ल्यात नाणी आहेत.