वाटा

काल मिस्त्री सांगून गेला,
सात वर्षं झाली, जागा लागणार,
शुक्रवारी इनासची खाच उघडू.
चॅपेलमागे जमीन थोडी
आणि आमची माणसं मरायची थांबत नाहीत.
मी पांढरा पंचा धुऊन वाळत घातलाय,
हाडं पुसायला.

त्या वर्षी, रोझरीच्या महिन्यात,
वेंगुर्ल्याच्या दीपगृहाअलीकडे होडी उलटली.
दोघे पोहत आले.
आई तीन दिवस वाऱ्यात मेणबत्ती लावत राहिली,
विझली की पुन्हा, विझली की पुन्हा.
बोटं भाजली तिची. तू कुठे होतास, ते नाही विचारलं तिनं.
मी विचारलं.

चौथ्या दिवशी रुजायची रापण लागली.
गाव दोराला, बायका, पोरं, शाळेचे मास्तर,
आणि मीही, कारण घरात बसवत नव्हतं.
दोर जड झाला तसं कुणी ओरडलं,
बांगडो! बांगडो!
मी सगळ्यांहून जोरात ओढलं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही:
मी आनंदानं ओढलं.

चांदीच्या त्या तडफडीत
एकटा तोच हलत नव्हता.

फादर बेंतो नवीन होते, मिशीही धड फुटली नव्हती.
म्हणाले, पापानं मरण जगात आलं.
म्हणाले, सोनं भट्टीतच उजळतं.
म्हणाले, देवाची ज्याच्यावर माया, त्याला तो लवकर नेतो.
आई म्हणाली,
"मगे जरा कमी माया करूची होती."
फादरांनी चष्मा काढला,
बराच वेळ झग्यानं पुसत राहिले.
त्यांच्या सगळ्या बोलण्यात
मला तेवढंच पटलं.

तूही एकदा चार दिवस उशिरा गेलास,
मित्र आजारी आहे हे कळूनसुद्धा.
त्याची बहीण वाटेतच आडवी आली,
मी म्हणते तेच म्हणाली:
इथे असतास तर.
तुझ्याकडे उत्तर नव्हतं. रडलास.
मग हाक मारलीस आणि तो बाहेर आला, फडक्यांसकट.
बरं झालं त्यांचं.
पण तो पुढे पुन्हा मेलाच असणार ना?
त्या दुसऱ्या मयताचं कुणी लिहून ठेवलं नाही.
तेव्हाही बहिणींनीच पाणी तापवलं असेल,
आणि वाटेकडे बघितलं असेल का,
का आता नाही बघितलं?
मला झोप येत नाही तेव्हा मी
त्या दुसऱ्या मयताला जाऊन बसते.

रापणीचे वाटे संध्याकाळी झाले.
आमच्या दारात दोन पाट्या आल्या.
एक माझी. दुसरी कुणाची, मी विचारलं.
रुजाय जमिनीकडे बघत म्हणाला,
रिवाज आसा, बाय,
रापणीक ज्याचा आंग लागला, त्येचो वाटो.

रोझरीला आलेली माणसं ओट्यावर बसली होती.
आईनं मीठ, हळद, तिरफळं लावून
सगळे बांगडे तळले, दोन्ही पाट्यांचे.
कुणी हात लावेना.
तिनं पहिला तुकडा स्वतः तोडला.
"खावा रे.
माझो झील रिकाम्या हातान येवक नाय."

मग सगळे खाऊ लागले. फादरही. रडत, काटे काढत.

मरून आल्यावर तू किनाऱ्यावर निखारे पेटवलेस म्हणे,
वर मासळी ठेवलीस,
रात्रभर काही न गावलेल्यांना जेवायला बोलावलंस.
कुठे होतो, का होतो,
एक अक्षर बोलला नाहीस.
हातांची भोकं तेवढी दिसत असतील
मासा परतताना.
मला राग आहेच. तो शुक्रवारी संपणार नाही.
पण त्या रात्री आमच्या ओट्यावर
कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं,
हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

शुक्रवारी ये. उशीर झाला तरी ये.
समजावू नकोस.
पंचा मोठा आहे, एकटीला धरता येत नाही,
दुसरं टोक लागेल कुणाला तरी.
भोकांचे हात चालतील.