टपालात नसलेला रस्ता

पाटीवरचा कागद ओढायची दोरी अडकली.
नगरसेवकानं दोनदा झटका दिला, तिसऱ्यांदा
कागद निम्माच फाटला
आणि आधी दिसलं नुसतं आडनाव: नोरालेस.
मग पालिकेचा एक माणूस शिडीवर चढला,
तेव्हा ऑरेलिया मोकळी झाली.

टाळ्या. ढोल. गरिफुना बायकांचे पिवळे-काळे झगे,
नारळाच्या दुधात शिजलेल्या माशांचा वास
ब्रॉन्क्सच्या त्या कोपऱ्यावर,
जिथं एरवी बसच्या धुराचा असतो.

मी पिशवी खांद्याला लावूनच उभा होतो.
शनिवारी टपाल असतं.
एकोणीस वर्षं हा रस्ता माझ्याकडे आहे.

मी पाकिटं टाकायचो, ती वाचायची.
तळमजल्याच्या खिडकीत,
कुंडीशेजारी भिंग आणि गार झालेली कॉफी.
घरमालकाची नोटीस, विजेची थकबाकी,
इमिग्रेशनची तारीख,
हॉस्पिटलचं बिल, ज्यात मेलेल्या माणसाला
'प्रिय ग्राहक' म्हटलेलं असायचं.
ती आधी शेवटची ओळ वाचायची.
मग चेहरा तसाच ठेवून पहिली.
मला पेट्यांपासून दिसायचं एवढंच:
कुणाचे खांदे खाली आले,
कुणाचे वरच राहिले.
फी म्हणून एक तिकीट घ्यायची,
उत्तराला लागणारंच.

लोकांनी नावंही ठेवली.
सगळ्यांच्या भानगडी हिला ठाऊक, म्हणे.
एका नवऱ्याला बायकोचं पत्र
अर्धंच वाचून दाखवलं, म्हणे.
(ते खरं असावं.)
आज त्याच तोंडांनी रस्त्याला तिचं नाव ठेवलं.
माझी तक्रार नाही.
माणूस गेलं की
तोच शब्द दुसऱ्या कुशीवर वळतो.

भाषण चालू असताना तिची मुलगी इव्हेट
माझ्याशेजारी येऊन पुटपुटली,
"एक अक्षर चुकलंय."
खरंच. 'ई'च्या जागी 'आय'.
आम्ही हसलो, चारचौघांत बरं दिसणार नाही इतकं.
तिची लाल पेन्सिल असती
तर ती शिडी खाली उतरू दिली नसती.

आता माझी अडचण.
ही पाटी मानाची. खालची जुनी तशीच आहे,
क्रॉसली स्ट्रीट.
करात, भाडेकरारात, टपाल लावायच्या माझ्या खणांत
ऑरेलिया नोरालेसचा रस्ता नाही.
मानाला पिनकोड नसतो.

आणि पाच आठवड्यांनी एक पाकीट आलं.
होंडुरासचं तिकीट, कोपरा भिजून वाळलेला,
शाळेत घोटलेल्या निळ्या अक्षरात:
ऑरेलिया नोरालेस मार्ग, ब्रॉन्क्स.
घराचा नंबर नाही. माणसाचं नाव नाही.
कुणीतरी पाटीचा फोटो तिकडे पाठवला असणार
आणि कुणीतरी तो खरा मानला.
'ई'च्या जागी 'आय'सुद्धा
जसाच्या तसा उतरवला होता.

नियम सोपा आहे. असा पत्ता नाही, परत.
शिक्का माझ्याच खिशात.

मी ते खिडकीपाशी नेलं.
तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
आतला पोरगा म्हणाला, "काय पाहिजे, बॉस?"
पाकिटाच्या मागं दोन ओळी होत्या,
कुठल्या भाषेत, मला सांगता येईना.
एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदाच
एक पत्र वाचून घ्यायचं होतं,
आणि ज्या माणसाला विचारायचं
ते चौदा फुटांवर, पत्र्यावर,
एका अक्षरानं चुकलेलं.

पाकीट अजून पिशवीत आहे.
रोज त्या कोपऱ्यावरून जातं, रोज परत येतं.
तिकीट एका कडेनं सुटत आलंय.
तिनं तेवढं काढून घेतलं असतं.