विचारू नये

तीन वह्या माझ्याकडे आल्या.
मोरिवाकीबाईंच्या मुलानं आणून दिल्या
टोफूच्या रिकाम्या खोक्यात घालून.
म्हणाला, आता गल्लीचं तुम्हीच बघायचं.
पगार नाही. तीन वर्षांची नेमणूक, एक बिल्ला,
आणि वॉर्ड कचेरीत वर्षातून दोनदा गार चहा.
मी एकोणसाठ वर्षांची, चष्म्याच्या दुकानातून निवृत्त,
नाही म्हणायला कारण शोधत होते.
तेवढ्यात पहिली वही उघडली.

ती ब्रशनं लिहिलेली,
तांदूळ महागला त्या सालची.
ओसाकातल्या या कालव्याकाठी तेव्हा
छत्र्या दुरुस्त करणारे, कोळसा वाहणारे,
काड्यापेट्या चिकटवणाऱ्या बायका.
लिहिणारा कुरोइवा तोकुजी, दोरखंडाचा दुकानदार.
दुपारी फळ्या लावून तो दारोदार फिरे,
दर घराला एक पान:
माणसं पाच. पांघरुणं दोन. भाडं चार महिन्यांचं थकलेलं.
नवरा बोटीवर गेला, असं म्हणतात.
धाकटीचं नाव सरकारदफ्तरी नाही,
आईबापांचं लग्नच कुठे नोंदलेलं नाही.
खाली सात उभ्या रेघा, कचेरीच्या खेपांच्या.
मग दुसऱ्या शाईत: आज नोंद झाली. मुलगी सुए.

एका पानाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात:
मच्छरदाणी आमच्या घरची दिली. परत आली नाही.
गहाण पडली असावी. विचारू नये.

दुसरी वही पेन्सिलीची, कागद खरखरीत.
अक्षर तोकुजीच्या थोरल्याचं, नीटनेटकं, बापाहून सुंदर.
या वहीत सगळं विचारलेलं आहे.
कोणी किती तांबं-पितळ दिलं,
कोणाकडे चहाची किटली अजून शिल्लक आहे,
पोरांना निरोप द्यायला फलाटावर कोण आलं नाही,
भावाच्या पत्रात काय होतं.
तीच दारं. तसंच बोटाच्या पेरानं वाजवणं.
‘कसं काय चाललंय?’ हेही तेच.
मार्चमधल्या एका तारखेनंतर पानं कोरी,
मग एकदम: उरलेली घरं अकरा.
आणि ओळ सोडून: किटलीवाल्यांच्या घरचं कोणी नाही.

ही वही जाळता आली असती. कोणी जाळली नाही.
मोरिवाकीबाईंनी तर तिला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं होतं.

त्यांची स्वतःची वही बॉलपेनची,
मधेच मुळ्याच्या लोणच्याची कृती.
मांजरावरून भांडण, दोन्ही बाजू खोटं बोलतात.
गिरणी बंद, सतरा बायका घरी.
मग हळूहळू पानांवर एकेकटी नावं येऊ लागतात
आणि एक नियम, चौकटीत:
पेपर दोन दिवस दारात, तर बेल वाजवावी.
तीन दिवस, तर घरमालकाकडून किल्ली.
किल्लीपुढे चार टिंबं.
त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

मी मंगळवारी जाते.
तिसऱ्या मजल्यावर ओगुशीआजींकडे नवी किटली आहे.
पाणी उकळलं की नागोयात मुलाच्या फोनवर निरोप जातो:
आई आहे.
किटलीला एवढंच कळतं.
आजी कप दोन काढतात, मी आले नाही तरी,
हे तिला कळत नाही.

खालच्या मजल्यावर निशिगोरी. वेल्डर होते, हात थरथरतो.
जानेवारीत मी त्यांना माझा हीटर दिला,
वायरीला निळ्या दोऱ्याची गाठ असलेला.
फेब्रुवारीत जुन्या सामानाच्या दुकानात
काचेमागे तीच निळी गाठ.
घरी येऊन वही उघडली. लिहिलं: हीटर दिला.
पुढची ओळ हातात येऊन थांबली.
मोरीत जाऊन तांदूळ धुतले. परत बसले. उठले.

बावीसशे येन पडले.
दुकानदार म्हणाला, चांगला आहे, फारसा वापरलेला नाही.
मंगळवारी तोच परत घेऊन जाईन.
गाठ मात्र सोडून टाकलीय.