अकरा टक्के

तीस वर्षं मी लोकांची बिलं घेतली,
अमळनेरच्या वीज ऑफिसात, दोन नंबर खिडकीत.
म्हणून गाडी आणली तेव्हा लोटन वायरमन हसला,
"आते समजी तुम्हले, युनिट कसं पयस ते."
त्यानेच ओट्यावर पॉइंट काढून दिला,
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला,
म्हणाला, उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी घालत जा.
मी घालते.
शेजारणीला वाटतं, हे कुठलंसं नवं व्रत.

गाडीला आवाज नाही.
शोरूममध्ये हा गुण म्हणून सांगितला होता.
बाजारात म्हशी हलत नाहीत.
भिला आप्पा बोनेटवर तळवा ठेवून विचारतात,
"हाई चालू शे का बंद शे?"
चालू आहे, आप्पा.
"मंग बोलत का नही?"

धूर नाही, असं मीच सांगत फिरते.
पण दीपनगरच्या चिमण्या माझ्या जुन्या ओळखीच्या.
धूर आहे. माझ्या मागे नाही इतकंच,
भुसावळकडे आहे.

मुलगी पर्थला. तिच्याकडेही अशीच, पांढरी.
पूर्वी फोनवर विचारायची, जेवलीस का?
आता विचारते, किती टक्के?
तिथे म्हणे दोन गावांमध्ये तीनशे किलोमीटर नुसती लाल माती.
मी सांगते, धुळे रस्त्याच्या हॉटेलात चार्जर आहे,
त्यावर आचाऱ्याचा गमछा वाळत असतो.
दोघी हसतो.
मग मी विचारते, तुझे किती?
एकोणीस, ती म्हणते, अजून रस्त्यातच आहे गं.
इथे परातीत भाकरी थापणारा हात थांबतो.

मे महिन्यात चोपड्याला साखरपुडा होता.
वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आग्रह, उशीर.
तापी ओलांडली तेव्हा अकरा.
एसी बंद केला, काचा खाली.
भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तशी हवा.
तिशीच्या वर वेग जाऊ दिला नाही.
कडब्याचा ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला,
वरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.
मग तोही लांबला,
आणि केळीच्या बागेत फाटकी पानं एकमेकांवर घासत होती,
कुठेतरी पाइप गळत होता,
टायरखाली खडी, एकेक.
इतकी वर्षं या रस्त्याने आले-गेले,
हे काही ऐकलं नव्हतं.
सात.

एका गावात गिरणीला उजेड होता.
थ्री फेज रात्री दहाला येते, म्हणून राजधर दहाला दळतो,
पापण्यांपर्यंत पांढरा.
वायर पाहिली, गाडी पाहिली.
"कितलं खास?"
तासाला तीन युनिट, मी म्हणाले,
खिडकीतला जुना आवाज आपोआप आला.
त्या आवाजावरच ओळखलं त्याने.
"दोन नंबर ना? मनी लाईन कापेल व्हती तुम्हीन."
कापायचा लोटन. मी फक्त यादी करायची.
हे मी मोठ्याने बोलले नाही.

कळण्याचा डबा घेऊन एक पोरगी आली,
गाडीकडे बघून म्हणाली, "नंबर मना पह्यला."
मी मान डोलावली, पोत्यावर बसून राहिले.
पट्टा फिरत होता, बाई बोलत नव्हत्या,
पीठ माझ्या साखरपुड्याच्या साडीवर बसत होतं.

राजधरने पैसे सोडले नाहीत.
तीन युनिट, गिरणीच्या दराने, पैशांसकट.
सुटे नव्हते,
म्हणून उरलेल्याचं दादरचं पीठ
कागदात बांधून दिलं.

घरी पोचले तेव्हा पाच.
पर्थला पहाट व्हायला आली असेल,
तरी स्क्रीनवर तिचा प्रश्न उभा,
किती?
मी आधी अंधारातच अर्थिंगला पाणी घातलं.
मग पिठाच्या बोटांनी लिहिलं,
पावशेर असेल.