डावी कंबर

रुआं शहरात, रंगाऱ्यांच्या ओढ्याकाठी
मालकांची खोली होती, तिसऱ्या मजल्यावर.
मी तेव्हा तेरा वर्षांचा. काम एकच:
हंसाचं पीस घेऊन
तेजाबात बुडवलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे
बुडबुडे हलकेच सारायचे.
बुडबुडा बसला की रेघ तुटते, मालक सांगत,
आणि तुटलेली रेघ माझ्या पगारातून कापत.

खालून ओढा वाहायचा,
सोमवारी निळा, तर कधी मंजिष्ठासारखा लाल,
गिरणीला हवा त्या रंगाचा.
मालकांचं रंगाशी काही अडत नसे.
मेण, काजळी, सुई.
खिडकीशी बसून त्यांनी ओरखडली ती गल्ली:
धार लावणाऱ्याचा वाकलेला गुडघा,
एका चेस्टनटवरून जुंपलेली दोन पोरं,
झगा उचलून डबकं ओलांडणारा पाद्री,
आणि झेली परटीण.
कमरेवर ओल्या कपड्यांची टोपली,
दुसरा हात सरळ हवेत,
कुणाला न दिसणारा दोर धरल्यासारखा.

पहिला छाप वाळत होता
तेव्हाच ती शर्ट घेऊन जिना चढून आली.
"ही मी?"
मालकांनी मान हलवली, जरा खुशीत.
"मग टोपली उजवीकडे कशी?"
"छाप उलटाच येतो, बाई.
गल्लीतल्या सगळ्यांचं तसंच झालंय.
चर्चसुद्धा ओढ्याच्या पलीकडे गेलंय बघ."

"चर्चचं काय," ती म्हणाली,
"त्याची कंबर दुखत नाही.
एकोणीस वर्षं या डाव्या अंगावर ओझं घेतलंय.
इथलं हाड बाहेर आलंय.
तुम्ही ते सगळं उचलून तिच्या उजवीकडे ठेवलंत.
मग ही मी नव्हेच.
ही कुणीतरी नवी लागलीय कामाला."

जरा थांबून: "किती काढणार अशा?"
"साठ."
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"साठजणी राबणार,
आणि धुण्याचे पाच सू ते पाचच."
ते घेतले, आणि गेली.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग तिनं आणलेलं शर्टांचं गाठोडं उचललं,
डाव्या कमरेवर घेतलं,
शेगडीपासून दारापर्यंत चालून पाहिलं.
उजवा हात आपोआप हवेत गेला.
मी पटकन पीस पुसायला घेतलं.

पत्रा झिजतो. पन्नासाव्या छापापर्यंत
धुराड्यांचा धूर गेला,
मग पाद्र्याच्या नाकाची रेघ,
मग तिच्या हवेतल्या हाताची बोटं.
टोपली तेवढी गेली नाही.
तिथं तेजाब खोल उतरलं होतं.

अठ्ठावन्नावा मी चोरला.
मालक वारले, ओढ्याचा निम्मा भाग आता बुजवलाय,
तरी हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं.
कधीतरी दुपारी कागद काढतो,
पालथा करून काचेशी धरतो.
मागून येते ती, अगदी पुसट,
चेहरा नाहीच म्हणा ना.
पण टोपली डावीकडे.