अर्धा गुण

दर नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी,
रामबागेत खासगीवाल्यांच्या गच्चीवर
आम्ही सतरा-अठरा माणसं जमतो
एका कधीच न आलेल्या माणसासाठी.

‘बडे बाबू छुट्टी पर’. भाग तेरा.
तेराही भागांत बडे बाबू येत नाहीत.
नुसती खुर्ची, तिच्या पाठीवर तपकिरी कोट,
आणि शिपाई सांगतो, ‘अभी अभी तो उठे हैं.’
यंदा त्या उठण्याला छत्तीस वर्षं झाली.

कढईत गराडू, वरून जिरावण,
पुणतांबेकर चष्मा पुसून प्रश्न वाचतात.
कोटाला बटणं किती?
चार. नवव्या भागापासून तीन.
भिंतीवरच्या घड्याळात वाजलेत किती?
चार वाजून दहा. फक्त सहाव्या भागात पावणेबारा,
त्या दिवशी कुणीतरी चुकून किल्ली दिली असणार.
चहावाल्या पोराची कुठल्या पायातली चप्पल उलटी?
ह्यावरून दोन साडू गेल्या वर्षापासून
एकमेकांशी बोलत नाहीत. पण येतात दोघंही.

शेवटचा प्रश्न दरवर्षी तोच.
भाग सातवा, मिनिट अकरावं.
विनोद होतो, सगळे हसतात, हसणं ओसरतं,
शिपाई पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडतो,
आणि त्या रिकाम्या जागेत
एकटंच कुणीतरी हसतं.
घोगरं, मोकळं,
गाडी सुटल्यावर फलाटावर आल्यासारखं.
ते कोण?

डॉक्टर मुंगी म्हणतात, टेप अडकली.
किब्यांची सून म्हणते, तेच बडे बाबू.
(हे मलाही आवडतं.)

यंदा मी हात वर केला.
म्हटलं, माझा अच्युतमामा.

हसणं इथंच भरलं होतं, इंदुरात.
आवाज भरणारा इथला जावई,
त्यानं सासुरवाडीच्या ओळखीनं एका शाळेचा हॉल मिळवला
आणि चाळीस हसणारी माणसं.
माणशी अकरा रुपये, एक कचोरी.
मामा साचेखात्यात बावीस वर्षं.
कान तिथंच, धोट्यांच्या खडखडाटात, ठेवून आलेला.
पडद्यावर शिपाई बोलला. लोक हसले.
मामानं शेजारच्या बाईचे खांदे हलताना पाहिले,
पुढच्या रांगेतली मान मागं पडताना पाहिली,
खात्री करून घेतली,
मग हसला.

भाग लागला तेव्हा आम्ही अकरा जण टीव्हीपुढं,
मामा टीव्हीच्या बाजूला, आमच्याकडं तोंड करून.
त्याचा पडदा म्हणजे आम्ही.
त्याचं हसू आलं, आम्ही ओरडलो, मामा, तू! तू!
त्याला वाटलं, काहीतरी फार भारी झालं.
तो पुन्हा हसला. पुन्हा उशिरा.

पुढं मिल बंद पडली,
भोंगा थांबल्याचंही त्याला
आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं.

गच्ची गप्प. खाली एक स्कूटर सुरू होईना.
पुणतांबेकर म्हणाले, ‘पुरावा?’
मी पाकिटातून पावती काढली,
घडीवर फाटलेली, अकरा रुपये फक्त,
पाठीमागं कचोरीचं तेल,
आणि घाईत कुणीतरी लिहिलेलं नाव:
अचूक वळसंगकर.

मुंगी म्हणाले, हा माणूस वेगळाही असू शकतो.
एक साडू म्हणाला, पावतीवर भाग क्रमांक नाही.
दुसरा साडू म्हणाला, बरोबर आहे ह्यांचं.
दीड वर्षातलं त्यांचं पहिलं बोलणं.
बराच खल झाला. मला अर्धा गुण मिळाला.

मग खातरजमेसाठी तो तुकडा पुन्हा लावला.
सगळे स्क्रीनकडं वळले.
मी खुर्ची फिरवून
त्यांच्याकडं तोंड करून बसलो.